दुसरी बस कुठून निघाली?

पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीची खिडकी उघडली की गल्लीला कळतं, शिकवणी सुरू झाली. आतून एखादं पोरगं घशाला कोरड पडल्यासारखं बोलत असतं, "दिलेलं काय आहे, तर लांबी... आणि परिमिती... आणि..." ते जिथे अडखळतं तिथे बाईंचा आवाज येतो, "मग?" त्यात राग नसतो आणि मायाही नसते. दारावरची कडी वाजावी तसा तो वाजतो. खालच्या न्हाव्याच्या कानात हा आवाज इतका मुरलाय की गिऱ्हाईक बोलता बोलता थांबलं तर तो कात्री हवेत धरून विचारतो, "मग?" गिऱ्हाईकही मुकाट्यानं पुढचं सांगून टाकतं. अशा रीतीनं गल्लीतल्या बऱ्याच भानगडी त्या खुर्चीत उलगडल्या आहेत, पण तो विषय वेगळा.

तर त्या मगबाई. शाळेत गणित शिकवतात, संध्याकाळी घरी शिकवतात, आणि दोन्हीकडे त्यांची पद्धत एकच. गणित छापील द्यायचं नाही. बाई ते तोंडानं सांगणार, मुलानं उभं राहून मोठ्यानं विचार करत सोडवायचं. डोक्यात जे जे येईल ते तोंडावाटे बाहेर आलं पाहिजे. बाई त्या वेळी डोळे मिटून बसतात. नव्या मुलांना वाटतं बाईंना डुलकी लागली. एकदा एकानं त्या समजुतीत शेजारच्याच्या वहीत डोकावून पाहिलं. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "हा आवाज तुझा, पण वाक्य त्याचं. बस खाली."

बाईंना ह्या कानाचा फार अभिमान होता. "मला उत्तर ऐकायची गरजच पडत नाही," त्या सांगायच्या. "पोरगं दुसऱ्या वाक्याला आलं की कळतं, कुठवर जाणार ते."

ह्यावर त्यांचे यजमान, ते घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावल्या लावल्याच म्हणायचे, "मी हिला बघायला गेलो तेव्हा मला तर पहिल्याच वाक्याला नापास केलं. पदरात घेतलं ते निव्वळ दयेपोटी."

"दया नाही. दुसरं कुणी आलंच नाही बघायला," बाई म्हणायच्या, आणि पुन्हा डोळे मिटायच्या.

त्या वर्षी नववीच्या मुलांत तीन जणांची नावं गल्लीला पाठ होती. नावं म्हणजे बाईंनीच ठेवलेली. पहिला औषधवाल्याचा मुलगा, रॉकेट. गणित सांगून होण्याआधीच हा निघालेला असायचा. "चाळीस आहे, दोन आहे, गुणले ऐंशी, साठातून चाळीस गेले वीस, ऐंशी भागिले वीस, चार!" आकडे दिसले की ह्याचे हात शिवशिवायचे. त्यांचं काय करायचं हे त्याला आपोआप सुचायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर सुचायचं. दुसरी शिंप्याची मुलगी. तिला रॉकेटसारखा वेग नव्हता, पण कपाटात एकावर एक रचून ठेवावेत तशी तिच्या डोक्यात जुनी गणितं होती. नवं गणित ऐकलं की ती आधी विचारायची, "बाई, हे कुठल्यासारखं?" तसंच एखादं सापडलं की त्यात नवे आकडे घालून मोकळी. नाही सापडलं तर रडवेली. बाई तिला 'सारखं' म्हणायच्या.

तिसरी बाईंची सख्खी पुतणी. वरच्याच मजल्यावर राहणारी, धाकट्या दिरांची मुलगी. घरात तिला लाडाचं नाव होतं, पण खालच्या खोलीत ती 'ढिम्म'. गणित सांगून झालं की ही उभीच. नजर जमिनीवर, ओठ घट्ट, हाताची बोटं एकमेकांत. बाई म्हणणार, "मग?" ही गप्प. "मग?" गप्प. तिसऱ्या 'मग'ला मुलं खिदळायला लागायची. घरी ती बाईंना 'काकू' म्हणायची, अगंतुगं करायची, त्यांच्या ताटातलं उचलून खायची. जिना उतरून खाली आली की मात्र 'बाई' आणि 'तुम्ही'. हा नियम बाईंनीच घातलेला. पुतणीला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यामुळे झालं असं की सगळ्यात जास्त बोलणी त्या पोरीनंच खाल्ली.

वर्षाच्या शेवटी, दरवर्षीप्रमाणे, शाळेनं दहावीसाठी गणिताच्या दोन तुकड्या करायला घेतल्या. वरची आणि खालची. वरचीला पूर्ण गणित, खालचीला सोपं. सोपं गणित घेतलं की पुढे विज्ञानाचं दार बंद, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण प्रत्येक आईबापाला ठाऊक होतं. बाईंच्या धाकट्या जाऊबाईंना तर फारच ठाऊक होतं. त्या इस्पितळात रक्त तपासणीच्या खोलीत काम करतात. मुलीनं आपल्या पुढे जावं, निदान नमुन्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत आयुष्य काढू नये, एवढंच त्यांचं मागणं. पोरीलाही तेच हवं होतं. फक्त तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवणं हा तिचा प्रांतच नव्हे.

निवड कुणी करायची? अर्थात बाईंनी. वरची तुकडी वर्षानुवर्षं त्यांचीच. परीक्षा कशी? अर्थात तोंडी. एकेकाला शिक्षकांच्या खोलीत बोलवायचं, प्रत्येकाला तेच एक गणित, प्रत्येकाची तीच एक संधी. आत जाऊन आलेला बाहेरच्याशी बोलणार नाही म्हणून त्याला मागच्या दारानं मैदानात सोडायचं. बाईंनी बसचं गणित निवडलं. एक बस एका गावाहून निघते, दोन तासांनी त्याच गावाहून त्याच रस्त्यानं दुसरी निघते, तिचा वेग जास्त, तर दोघींची गाठ कधी पडेल. हे गणित बाईंनी इतक्यांदा सांगितलंय की त्यांच्या झोपेतसुद्धा त्या दोन बस धावत असतील.

रॉकेट आत गेला आणि चहा ओतेपर्यंत बाहेर आला. शिंप्याच्या मुलीला जरा वेळ लागला, पण आली. एकामागून एक मुलं येत गेली. कुणी घसरलं, बहुतेक तरली. शेवटी ढिम्म.

बाईंनी गणित सांगितलं, डोळे मिटले.

काही नाही.

"मग?"

खोलीत पंख्याचा आवाज.

"अगं, काहीतरी बोल. चुकीचं बोल. पण बोल. मग?"

पोरीनं तोंड उघडलं असावं, कारण श्वास ऐकू आला. पुढे शब्द आला नाही. बाई थांबल्या. इतरांसाठी थांबल्या होत्या त्याहून मुद्दाम थोड्या कमीच थांबल्या, कारण पलीकडच्या टेबलावर दोन शिक्षक कान टवकारून बसले होते. मग डोळे उघडून म्हणाल्या, "जा."

निकाल लागला तेव्हा धाकट्या जाऊबाई खाली आल्या नाहीत. वरून भांड्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा येत होता. जिन्यात गाठ पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, मी काही बोलत नाही हं. तुम्ही जे केलंत ते बरोबरच असणार."

ह्यापेक्षा बाईंना शिव्या परवडल्या असत्या.

"तिला बोलता येत नाही गं," बाई म्हणाल्या. "विचारच पुढे सरकत नाही तिचा. मी कान देऊन ऐकलं."

"हो ना. तुमच्या कानाला कोण काय म्हणणार!" आणि जाऊबाई पिशवी सावरत निघून गेल्या.

दोन-चार दिवसांनी सुट्टी सुरू झाली. बाई पुढच्या खोलीत जुने पेपर फाडत बसल्या होत्या. बाहेर जिन्याच्या चौकात शिकवणीची मुलं जमून हसत होती. रॉकेट नक्कल करत होता. कुणाची ते सांगायला नको. त्यानं डोळे मिटले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला होता आणि आवाज हुबेहूब काढला होता. बाईंना राग यायला हवा होता. पण आपलाच आवाज एवढा अचूक कुणी काढतो म्हटल्यावर माणूस जरा ऐकत राहतो. त्याही राहिल्या.

"एक बस एका गावाहून निघते," रॉकेट-बाई सांगत होत्या. "वेग ताशी चाळीस किलोमीटर. दोन तासांनी दुसरी बस निघते. वेग ताशी साठ. दोघींची गाठ किती वेळानं पडेल? मग? मऽग? अरे, बस चुकेल ना तुझी! मग?"

हशा पिकला. बाईंच्या हातातला पेपर अर्धा फाटून तसाच राहिला. "अर्धवट सांगतोय कार्टा," त्या मनाशी म्हणाल्या आणि दार उघडलं. जिन्यातल्या मुलांचं धाबं दणाणलं. दोघं तर कठड्यावरून पसार झाली.

"नक्कल करायची तर पुरती करावी," बाई म्हणाल्या. "त्याच गावाहून, त्याच रस्त्यानं. ते कुठे गेलं?"

रॉकेट गोंधळला. "ते तुम्ही म्हणालाच नाहीत, बाई."

"मी म्हणाले नाही?"

"खरंच, बाई. मला तुमचा शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणजे... नकलेसाठी नाही, म्हणजे नकलेसाठीच, पण पाठ आहे. 'दोन तासांनी दुसरी बस निघते,' एवढंच म्हणालात."

पण त्या शिक्षिका होत्या, त्यांनी विचारलंच, "मग दुसरी बस कुठून निघाली ते तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचं, बाई?" रॉकेटला प्रश्नच समजला नाही. "असल्या गणितात दुसरी बस नेहमी मागूनच येते की."

शिंप्याची मुलगी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती घाईघाईनं म्हणाली, "मागच्या वर्षीच्या गणितात दोन्ही एकाच गावाहून होत्या, बाई. मी तेच धरलं. चुकलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "उत्तर बरोबर होतं."

दार लावून त्या खुर्चीत बसल्या. एक वाक्य गळलं होतं. त्यांच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलेलं होतं की तोंडातून आलंच नाही तरी त्यांना ते ऐकू आलं. मुलांनाही ऐकू आलं, कारण मुलांचे कान बाईंनीच घडवलेले. अख्ख्या वर्गाला न सांगितलेलं ऐकू आलं आणि बहुतेक सगळे पास झाले. यजमानांनी भिंग काढून विचारलं, "काय झालं? काटा पुढे सरकेना का?" एरवी बाईंनी ह्याला सणसणीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्या नुसत्या उठल्या आणि जिना चढून वर गेल्या.

पुतणी गच्चीच्या दारात बसून बूट घासत होती. बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

"त्या दिवशी बसच्या गणितात," त्या म्हणाल्या, "तू काय विचार करत होतीस?"

ब्रश थांबला. बाईंच्या जिभेच्या टोकावर तो शब्द आला होता. त्यांनी तो दातांखाली धरला.

ब्रश खाली ठेवून पोरगी म्हणाली, "दुसरी बस कुठून निघाली ते मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच नव्हतं."

पोरीनं चटकन वर पाहिलं. "तुम्ही सांगितलं असेल असं वाटलं मला. माझंच लक्ष नसेल. बाकीच्यांचं तर भराभर आटपत होतं."

"विचारायचं होतंस."

"तुम्ही डोळे मिटले होते."

घरात बसून, मजल्याचा नियम मोडून पोरगी 'तुम्ही' म्हणत होती, हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. "बरं, मग... म्हणजे, त्याच्यापुढे काय केलंस? नुसती उभी होतीस?"

"नाही. समोरून आली तर काय ते बघत होते. समोरून येत असेल तर दुसरं गाव किती लांब ते पाहिजे. ते नव्हतं. पुढच्या गावाहून तिकडेच जाणारी असेल तर गाठ पडणारच नाही, ती पुढेच राहील. मग मागून. पण पहिली बस मधे थांबते का? थांबली तर ऐंशी होणार नाहीत. प्रवासी चढणार की नाही? मग वाटलं, दोन तास म्हणजे पहिली निघाल्यापासून की पोचल्यापासून? एकेक धरून बघत होते. बोलायला लागले की मागचं सुटायचं. तुम्ही 'मग' म्हणालात की सगळंच सुटायचं. पुन्हा पहिल्यापासून."

इथे एखाद्या गोष्टीत बाईंना साक्षात्कार झाला असता, की पोरगी म्हणजे लपलेलं रत्न. तसं काही झालं नाही. बाई गणिताच्या माणूस होत्या. तिच्या बोलण्यातलं अर्धं लख्ख होतं हे त्यांना दिसलं, आणि अर्धं निव्वळ चाचपडणं होतं हेही दिसलं. प्रवासी चढण्याचा प्रश्न हुशारीचा की बावळटपणाचा? तीस मुलांच्या वर्गात असं प्रत्येक दगड उलटून बघणारी पोरगी पेपर पुरा करेल का? त्यांना ठरवता येईना. आणि ठरवता येत नाही हीच गोष्ट त्यांना नवी होती. दुसऱ्या वाक्याला पारख करणारी बाई त्या पायरीवर पोरीचं सगळं ऐकूनही कोरी राहिली. आजवर अशी किती गप्प पोरं आपण 'जा' म्हणून मैदानात सोडली, हा विचार आला, आणि एकदा आला तो जाईना. चेहरेसुद्धा आठवेनात. आठवणार कसे? डोळे तर मिटलेले.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि सांगून टाकलं की गणितच अपुरं होतं, निवड रद्द करा.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एकाही पालकाची तक्रार नाही. पोरांची उत्तरं बरोबर आहेत. आणि तक्रार घेऊन कोण आलंय, तर ज्या मुलीचं अडलं तिची सख्खी काकू! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील की मी पुतणीसाठी केलं."

"मग?"

बाईंना तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच असा लागला. "म्हणू देत," त्या म्हणाल्या.

बरीच ओढाताण झाली. शेवटी मोठ्या बाईंनी मधला मार्ग काढला. बाकी निवड तशीच ठेवायची, पण प्रश्न सदोष होता म्हणून ह्या मुलीला हवी ती तुकडी निवडू द्यायची. बाई पिशवी खांद्याला लावून जवळजवळ धावतच घरी आल्या. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या, ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं. जाऊबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. ऐकून त्यांचे डोळे भरले. "ताई!" एवढंच म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांची अढी त्या एका शब्दात निम्मी तरी उतरली.

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. "वरच्या तुकडीला गणित तुम्हीच शिकवणार ना?"

"मीच तर शिकवते!"

"मग मी खालीच बरी आहे."

"अगं, काय बोलतेयस?" जाऊबाई किंचाळल्याच. "डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, खालच्या तुकडीत जाऊन करणार काय?"

"तिथे नवे सर आहेत. ते फळ्यावर गणित लिहितात आणि बसून राहतात. कुणी बोललं नाही तरी चालतं त्यांना." एवढं मोठं भाषण पोरीनं त्या घरात कधी केलं नव्हतं. ती ते रागानं बोलली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती समजावून सांगत होती. जसं एखाद्याला सांगावं की ह्या बुटांनी पाय चावतो, म्हणून ते जुने घालते.

जाऊबाई मुलीला झापणार तोच बाईंनी हात वर केला. "राहू दे. तिनं नीट विचार केलाय."

वरची तुकडी म्हणजे त्यांचं सगळं होतं. शाळेच्या निकालात जे चार चांगले गुण छापून यायचे ते तिथले, वाटेत थांबून नमस्कार करणारे मोठे झालेले लोक तिथले. खालच्या तुकडीचं गणित म्हणजे, शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे तसं, वेळ काढायचं काम. ते नव्या माणसाच्याच गळ्यात मारतात.

सकाळी त्या पुन्हा मोठ्या बाईंकडे गेल्या आणि अदलाबदल मागून घेतली. नव्या सरांना वर, आपण खाली. मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. नवे सर तर घाबरूनच गेले. त्यांना वाटलं ह्यात काहीतरी डाव आहे.

गल्लीत बातमी पसरायला न्हाव्याची एक दाढी पुरली. मगबाईंना खाली टाकलं. पुतणीच्या प्रकरणात हात होता म्हणे. औषधवाला तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पुडीबरोबर हेही बांधून देत होता. रॉकेटची शिकवणी त्यानं दुसरीकडे लावली. बाईंनी कुणालाच काही समजावलं नाही. यजमानांनी एकदा विचारलं, "खरं काय ते सांगून टाकू का मी?" तर म्हणाल्या, "काय सांगणार? ते म्हणतात त्यातलं खोटं काय आहे?"

पोरगी आता वरच्या तुकडीत आहे. पहिल्या चाचणीत तिला मधले गुण पडले, ना धड चांगले, ना धड वाईट. नव्या सरांना बाईंनी विचारलं, तर ते म्हणाले, "शांत मुलगी आहे. सांगता येत नाही अजून." बाई म्हणाल्या, "हो, नाहीच येत," आणि सर ह्याचा काय अर्थ घ्यावा म्हणून बघत राहिले. खाली शिकवणीला पोरगी येत नाही. जिन्यात भेटली की हसते, 'काकू' म्हणते, पण ताटातलं उचलून खात नाही.

संध्याकाळी शिकवणी आटोपली, पोरं गेली, की बाई खिडकी लावून घेतात. त्या वेळी वरच्या खोलीत पोरगी गणितं करते. बसून करत नाही, चालत करते. बाईंच्या डोक्यावर छताशी तिची पावलं वाजतात, खिडकीकडून दाराकडे, दाराकडून खिडकीकडे, कधी भरभर, कधी एकच पाऊल आणि मोठी सुट्टी. यजमान समोर एखादं घड्याळ उघडून बसलेले असतात. पावलं एकदम थांबतात. बाई मान वर करून बघतात. पोरीला उत्तर सापडलं, की तिनं नाद सोडला? कान देऊन ऐकलं तरी त्यांना ते कळत नाही, आणि वर जाऊन विचारायचं तर आता कुठल्या तोंडानं विचारणार.